‘क्षार’ शब्दाची दुहेरी चाकरी

उलट परासरणाच्या (आरओ) पटलांवर साचलेला मळ रसायनांनी कसा काढावा, याविषयीच्या मराठी लेखनात ‘क्षार’ हा शब्द कधी मळासाठी, तर कधी त्या मळावरील उपायासाठी योजिला जातो. पटलावर ‘क्षार बसतात’ आणि ते धुण्यास ‘क्षारीय द्रावण’ वापरावे, अशी वाक्ये शेजारी आली म्हणजे वाचकाने काय समजावे?

मराठी शालेय परिभाषेत आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारा पदार्थ तो क्षार. हिंदीत त्यालाच लवण म्हणतात, आणि तेथील क्षार म्हणजे आपला आम्लारी. ‘क्षारीय’ हे विशेषण त्या वळणाचे आहे. तथापि सारा दोष हिंदीच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. दाहक भस्म हा संस्कृतातील जुना अर्थ मराठीनेही टाकलेला नाही. पापडखारातील ‘खार’ तोच, आणि ‘खारट’मधील मात्र मिठाचा!

हा वाद केवळ कोशकारांचा असता तर सोडून देता आला असता. परंतु कॅल्शियम कार्बोनेटचा थर सायट्रिक आम्लाच्या सुमारे २ टक्के द्रावणाने निघतो. सेंद्रिय मळ व जीवाणूंचा बुळबुळीत थर सुटण्यास १२ च्या आसपास पीएच असलेले सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण लागते. दोन्ही मळ एकत्र असतील तर सामान्यतः आरंभ अल्काने करतात, कारण आधी आम्ल फिरविल्यास सेंद्रिय थर अधिकच घट्ट होण्याचे भय असते. कॅल्शियम सल्फेट हाही क्षारच. पण त्याच्यापुढे सौम्य आम्ल फारसे चालत नाही, तेथे ईडीटीएचे अल्कधर्मी द्रावण घ्यावे लागते. शिवाय हे तीव्र द्रावण पॉलिअमाइडच्या पटलास सोसते, सेल्युलोज ॲसिटेटच्या पटलास सोसत नाही. लोब व सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केलेले पटल या दुसऱ्या जातीचे होते. अशा पटलावर ‘क्षारीय’ धुलाई म्हणजे त्याचे जलापघटन.

‘पाण्यात क्षार फार आहेत’ असे घरोघरी म्हटले जाते. तेव्हा मळाकडील क्षार तसाच राहू द्यावा. ‘क्षारीय’ मात्र काढून तेथे ‘अल्कधर्मी’ लिहावे, आणि प्रत्येक वेळी रसायनाचे नाव व पीएच सोबत द्यावा. ‘अल्क’ कानाला परका वाटतो हे खरे. पण ‘पीएच’ तरी कोठे घरचा आहे?