‘आवड’ मोजणारी भाषा : ‘पॅट’ प्रश्नावलीची चिकित्सा

प्रास्ताविक

तंत्रज्ञान या विषयाकडे विद्यार्थी कोणत्या दृष्टीने पाहतात, हे जाणण्यासाठी ‘पॅट’ ही प्रश्नावली अनेक देशांत वापरली गेली. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठात यान रात व मार्क दे व्रीस यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास ती सिद्ध केली. २०१३ मध्ये आर्डीज व सहकाऱ्यांनी बेल्जियममधील फ्लांडर्स प्रदेशात तिची २४ विधानांची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. अभ्यासक्रम ठरवण्यापूर्वी मुलांचे म्हणणे ऐकावे, हा विचार रुजवण्याचे श्रेय या प्रश्नावलीला द्यावेच लागेल. तथापि ती आपल्या वर्गात आणताना काही प्रश्न उपस्थित होतात.

शब्दांची अडचण

मूळ डच ‘तेख्नीक’ या शब्दात हातचे कसब आणि तंत्रज्ञान दोन्ही सामावतात. मराठीतील ‘तंत्रज्ञान’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे संगणक व मोबाइल येतात. उर्दूत तर ‘टेक्नॉलॉजी’ एकीकडे आणि ‘हुनर’, ‘दस्तकारी’ दुसरीकडे राहतात. घरी जरीकाम करणारी किंवा वडिलांबरोबर मोटारीची दुरुस्ती करणारी मुले ‘तंत्रज्ञानात रस नाही’ असे उत्तर देतील, तर ते उत्तर शब्दाविषयीचे आहे. त्यांच्या हाताविषयीचे नव्हे.

दुसरी बाब ‘आवड’ आणि ‘पसंती’ यांतील भेदाची. उर्दूतील ‘दिलचस्पी’ एका वस्तूविषयी असू शकते; ‘तरजीह’ला मात्र किमान दोन पर्याय लागतात. ज्या शाळेत कार्यशाळाच नाही, तेथील विद्यार्थ्याची ‘तरजीह’ कशी मोजणार? पाच पायऱ्यांच्या मापनात मधली खूण करणारा विद्यार्थी तटस्थ आहे की अनुभवशून्य, हेही कळत नाही.

तिसरी बाब मुलींची. तंत्रज्ञान हे मुलांचे क्षेत्र आहे काय, या अर्थाची विधाने प्रश्नावलीत आहेत. रात व दे व्रीस यांच्या पाहणीत मुलींची रुची मुलांपेक्षा कमी आढळली होती. परंतु जिच्या हाती पकड किंवा सोल्डरिंगची सळई कधी दिलीच नाही, तिची ‘अरुची’ हा स्वभाव की संधीचा अभाव, याचा निर्णय आकड्यांतून होत नाही.

दुसरी वाट

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापलेल्या विज्ञान आश्रमाचा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ अभ्यासक्रम येथे उद्बोधक ठरतो. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन ही चारही क्षेत्रे मुलामुलींनी हाताळावी अशी रचना आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनीही शहरी इंग्रजी, शहरी मराठी व ग्रामीण आदिवासी शाळांतील मुलांकडून पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती व बाहुल्या करवून घेतल्या. त्यांची रेखाटने व चर्चा अभ्यासल्या. दोन्ही ठिकाणी आधी अनुभव, मग पसंती असा क्रम शक्य होतो.

समारोप

प्रश्नावली टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. ती मुलांच्या बोलीत आणावी, ‘हुनर’सारखे शब्द तिच्यात असावेत, ‘हे काम मी कधी केलेले नाही’ असा वेगळा पर्याय द्यावा आणि काही आठवड्यांच्या प्रत्यक्ष कामानंतर ती पुन्हा भरून घ्यावी. अन्यथा मुलींना शिवणकाम व मुलांना वायरिंग ही जुनीच वाटणी ‘विद्यार्थ्यांची आवड’ म्हणून प्रवेश-अर्जावर नोंदली जाईल, आणि ती त्यांच्याच स्वाक्षरीने नोंदली गेल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार करण्यासही कोणी उरणार नाही.