रामकुमार : मानवाकृतीच्या लोपानंतर

रामकुमार (१९२४–२०१८) यांच्या अमूर्त चित्रांना ‘निसर्गप्रेरित’ म्हणण्याचा समीक्षेत प्रघात आहे. त्यात मूळ प्रश्नच निसटतो : या चित्रांतला माणूस गेला कुठे? १९५०च्या दशकात तेथे विषण्ण, बेकार शहरी माणसे होती. हिंदी कथाकार रामकुमारांच्या विश्वातलीही हीच माणसे. १९६० साली हुसेन यांच्यासह घडलेल्या वाराणसीच्या भेटीनंतर चित्रांतून मानवाकृती नाहीशी होत गेली. (कथालेखन मात्र थांबले नाही.) घाटांवरची गर्दी पाहून आलेल्या चित्रकाराने ती गर्दीच वगळावी, हे लक्षणीय आहे. चेहऱ्यांवरचा विषाद आता दाटीने उभ्या घरांसारख्या, एकमेकींना रेटणाऱ्या करड्या-तपकिरी प्रतलांत उतरतो. म्हणजे येथील भाव निसर्गाने दिलेला नाही. आकृती पुसली गेल्यावर मागे राहिलेला तो अवशेष आहे. पुढे घरे आणि घाटही विरतात, रंगाचे तिरपे पट्टे तेवढे उरतात. त्या तिरपेपणात कोसळण्याची भीती जेथे टिकून आहे, तेथे चित्र स्मृतीचे असते. उत्तरकाळातील काही प्रसन्न, निळ्या-हिरव्या चित्रांत ती भीती ओसरलेली दिसते. ‘निसर्गप्रेरित’ हे विशेषण तेथे विनातक्रार लागू पडते.