चिटोऱ्यांची साक्ष

भिवंडीसारख्या कापडाच्या गावातून एका जर्मन कागदाविषयी लिहितो आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये नाझी सरकारने कपड्यांचे कार्ड काढले. वर्षाला शंभर गुण. मोजे, सदरा, कोट, जे घ्याल त्याचे गुण कार्डातून कापले जात. १९४० च्या आरंभी ज्यूंना हे कार्ड नाकारण्यात आले. त्यांच्या धान्याच्या कार्डांवर 'जे' हे अक्षर आले आणि बर्लिनमध्ये खरेदीसाठी त्यांना दुपारी चार ते पाच एवढाच तास उरला. विषारी वायूच्या कोठड्या नंतरच्या. माणूस वेगळा काढला गेला तो आधी दुकानाच्या गल्ल्यावर.

असे कागद आज हौसेने जमवले जातात. पण ही हौस बहुधा स्वस्तिकाच्या शिक्क्यावर भाळते, आणि करकरीत कागदाला जास्त मोजते. ही रसिकता मला संशयास्पद वाटते. वॉर्साच्या कोंडवाड्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या सोबत्यांनीही ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे कागद, शिधापत्रिका, भिंतीवरचे हुकूम जमवले. पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनांत भरून पुरले. १९४६ आणि १९५० साली ते जमिनीतून वर आले. ती मेलेल्यांची फिर्याद होती.

आपल्याकडे शेजारच्या कल्याणात विजय सुरवाडे यांनी बाबासाहेबांची पत्रे, छायाचित्रे जमवली. मुंबईत रमेश शिंदे यांनी चळवळीची नियतकालिके, पत्रके राखली. आपल्या समीक्षेने मात्र आत्मकथनांवर थांबून घेतले. जलशाचे हँडबिल, विहाराच्या वर्गणीची पावती, यंत्रमागावरचे हजेरीकार्ड तिला अजून रद्दीच वाटते. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली घरे जळली. १९७० च्या दंगलीवर न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आहे, म्हणजे सरकारचा कागद उरला. जळालेल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत काय होते, हे कुणी विचारले?

शाळेच्या दाखल्यातला 'जात' हा रकाना त्या 'जे' अक्षराशी सरळ जुळवू नये, एवढे मात्र सांगतो. ज्या जातीच्या नावाने वर्गाबाहेर बसवले, तेच नाव राज्यघटनेनंतर हक्काचा पुरावा झाले. धर्मांतर १९५६ चे. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत 'बौद्ध' लिहावे की जुनी जात ठेवावी, हा पेच घराघरात त्या एका ओळीपाशी अडला. तसा दाखला हाती आला तर खाडाखोड, दुरुस्तीची सही आणि मागचा शिक्का यांसकट ठेवावा. स्वच्छ नक्कल काढून मूळ कागद फेकू नये.