वेताळाचा प्रश्न, मुलांचे उत्तर

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर अंधार अजून खरा आहे. घोड आणि भीमेच्या काठी रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो. लाईट रात्रीची असली की बाप बॅटरी घेऊन दारं धरायला जातो आणि तो परत येईपर्यंत घरातल्यांचा डोळा लागत नाही, कारण उसात बिबट्या असतो. अशा घरी जाऊन कोणी म्हणाले, ‘मुलांना भुताखेतांच्या गोष्टी वाचायला द्या’, तर आई विचारणारच, भीती काय कमी आहे म्हणून? तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर मला विक्रम-वेताळाच्या कथामालेत मिळते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती भयाची पहिली मालिका द्यायची तर ती हीच द्यावी.

ही मालिका आपल्याच मातीतली आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. पुढे लोकांच्या तोंडी तो विक्रम राजा झाला. मराठी छपाई नुकती सुरू झाली होती त्या काळात, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळ पंचविशी’ मराठीत आणली. १९५२ पासून ‘चांदोबा’ मासिक मद्रासहून मराठीत येऊ लागले आणि एसटी स्टँडवरच्या, रेल्वे फलाटावरच्या स्टॉलमधून वेताळ महिन्याच्या महिन्याला घरोघरी पोहोचला.

आता कथेची बांधणी पाहा. तिची सुरुवात स्मशानात होत नाही, भर दरबारात होते. एक भिक्षू रोज येतो, राजाला एक फळ देतो आणि मुकाट निघून जातो. राजा ते फळ कोठाराकडे पाठवतो. असे वर्षानुवर्षे चालते. एक दिवस ते फळ माकडाच्या हाती लागते, फुटते आणि आतून रत्न निघते. कोठारात पाहावे तर फळे कुजून गेलेली आणि रत्नांची रास पडलेली. लहान वाचक इथे हरखतो. पण कथाकाराने त्याच्या मनात एक शंकाही पेरलेली असते, की एवढे देणाऱ्याला हवे तरी काय असेल? भिक्षूचे मागणे पुढे येते. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात यायचे आणि दूरच्या झाडावर लटकणारे प्रेत उतरवून आणायचे. राजा शब्द देतो. भीती दारात उभी राहते तीच मुळी दिलेल्या शब्दाच्या पाठोपाठ. भुतांच्या कितीतरी गोष्टींत माणूस चुकून अंधारात सापडतो. इथे राजा जाणूनबुजून, स्वतःच्या पायांनी अंधारात शिरतो.

मग सुरू होते ती चाल. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ आणि वेताळाच्या तोंडी गोष्ट. नियम दोनच. राजा बोलला तर प्रेत परत झाडावर जाणार. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. या दोन नियमांतच मालिकेची सारी ताकद आहे. तलवार हातात आहे, पण ती काही कामाची नाही. सुटका फक्त विचाराने होते आणि खरे बोलण्याची किंमत म्हणून पुन्हा झाडापर्यंतची पायपीट पदरी येते. राजा ती किंमत दर वेळी मोजतो, कुरकुर न करता मागे वळतो. चिकाटीवर शंभर सुविचार फळ्यावर लिहिले तरी या मागे वळण्याची सर त्यांना येणार नाही.

गोष्टींतली एक घेऊ. मंदारवतीला तीन तरुणांनी मागणी घातलेली असते आणि ती तापाने दगावते. पहिला तिच्या चितेच्या राखेवर अंथरूण करून राहतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा बैरागी होऊन भटकतो. एका घरी यजमानीण रडणारे मूल रागाने आगीत फेकते आणि घरधनी मंत्राने ते जिवंत करतो, हे तिसऱ्याच्या डोळ्यांदेखत घडते. तो मंत्र मिळवून तो मंदारवतीला उठवतो. आता ती कोणाची? मुलांना विचारा. बहुतेक जण म्हणतील, जिवंत करणाऱ्याची. राजाचा निवाडा वेगळा आहे. प्राण देणारा पित्याच्या जागी, अस्थी नेणारा पुत्राच्या जागी, आणि राखेपाशी राहिला तो नवरा. हे उत्तर आज प्रत्येकाला पटेलच असे नाही, पटायलाही नको. स्वतः मंदारवतीला कोणी विचारले का, असे एखादी मुलगी म्हणाली तर तिने कथा नीट वाचली असे समजावे. जिवंत झालेल्या प्रेताची भीती घटकाभरात ओसरते, पण निवाड्यावरचा वाद दोन दिवस पुरतो.

शेवट तर थोर आहे. अखेरच्या गोष्टीत बाप-लेकाची लग्ने आई-लेकीशी अशी उलटसुलट होतात की त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, हे सांगताच येऊ नये. राजाला उत्तर खरोखरच सुचत नाही आणि तो गप्प चालत राहतो. आजवर जाणतेपणाने जे साधले नाही ते प्रामाणिक मौनाने साधते. वेताळ प्रसन्न होतो आणि सावध करतो, की क्षांतिशील नावाचा तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. दंडवत घालायला सांगेल, तेव्हा आधी त्यालाच घालून दाखवायला सांग. राजा तसेच करतो आणि भिक्षूचे मस्तक उडवतो. ज्याची धास्ती होती तो सोबती निघतो, ज्याच्यावर विश्वास होता तो घातकी. वेश पाहून माणूस ओळखू नये, हे इथे कोणी सांगत नाही, ते घडते. आणि वर मागताना राजा म्हणतो, या कथा जगात प्रसिद्ध होवोत.

‘चांदोबा’ने या चौकटीचे भाग्य उजळले. मूळ पंचवीस कथा संपल्या तरी नव्या रचून त्याच चौकटीत बसवल्या आणि वेताळ दर महिन्याला झाडावर परतत राहिला. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांनी उपसलेली तलवार आणि खांद्यावरचे प्रेत असा जो राजा काढला, तो पिढ्यांच्या डोळ्यांत बसला. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रात भीषण सामग्री भरपूर असते, पण राजाचे पाऊल पुढेच पडत असते. घाबरलेले मूल त्या पावलाला धरून चालते.

वेताळ तसा आपल्याकडे परका नाही. वेशीबाहेर शेंदूर फासलेल्या दगडात म्हसोबा असतो तसा वेताळही असतो, आणि गोव्यात आमोण्यासारख्या गावी तो ग्रामदैवत आहे. एक भेद मात्र मुलांना स्वच्छ सांगावा. बिबट्या ही गोष्ट नव्हे. त्याच्यासाठी बॅटरी, सोबत आणि अंधार पडायच्या आत घर, एवढेच शहाणपण. राजासारखे रात्री बाहेर पडणे म्हणजे धैर्य नव्हे. कथेतल्या भीतीचे काम निराळे. ती घरात, उजेडात, आईच्या शेजारी अनुभवायची असते. तिला सुरुवात असते, नियम असतो, शेवट असतो. भ्यायले असतानाही डोके चालवता येते, हे मुलाला तिथे कळते.

यानंतर काय वाचावे? लहानांना रत्नाकर मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटके द्या. वर्गात मोठ्याने वाचली तर चेटकिणीचे काम करायला पोरांत चढाओढ लागेल. दहा-अकराव्या वर्षी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत घ्यावे. सात भागांची ती मालिका नायकाबरोबर वाचकालाही मोठे करते आणि तिच्यातले भय भागागणिक गडद होते, म्हणून पुढचे भाग वयाच्या बेताने द्यावेत. जुन्या मराठीची गोडी लागलेल्यांना नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आहे. नारायण धारपांच्या समर्थकथा चौदा-पंधराच्या पुढे. त्यांतले अमंगळ अस्सल असते, पण त्यापुढे उभा राहणारा समर्थही तितकाच भक्कम असतो. मतकरींच्या मोठ्यांसाठीच्या गूढकथा त्यानंतर, कारण तिथे भूत बहुधा माणसाच्या मनातच निघते आणि धीर द्यायला कोणी येत नाही.

शिरूर-दौंडच्या शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती, की शाळेच्या पुस्तकपेटीत वेताळ पंचविशीची एखादी सोपी, सचित्र आवृत्ती असू द्या. रोज एक गोष्ट मोठ्याने वाचा, वेताळाचा प्रश्न आला की पुस्तक मिटा आणि राजाच्या आधी मुलांना उत्तर देऊ द्या.