आज्ञापत्रातील भय आणि विध्यर्थ

रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून मानले जाणारे 'आज्ञापत्र' (इ. स. १७१६ च्या सुमाराचे) बहुधा राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचले जाते. त्यामुळे धोरणाचा गौरव होतो. पण त्या गद्याच्या मुळाशी असलेले भय झाकले जाते.

१६८१ ते १७०७ या काळात मोगलांशी अखंड युद्ध चालले. १६८९ मध्ये राजाराममहाराज जिंजीस गेल्यावर महाराष्ट्राचा भार वाहणाऱ्यांत अमात्य प्रमुख होते. भय हा तेव्हा प्रसंग नव्हता. ती नित्याची स्थिती होती. दुर्गप्रकरणात मात्र हे भय भावनावाचक शब्दांतून नव्हे, तर मुख्यतः क्रियापदाच्या विध्यर्थातून बोलते. गडावर पाण्याच्या एकाच जागेवर विसंबू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात; दारूखाना वस्तीपासून दूर असावा; दरवाजा एकच नसावा, चोरवाटाही असाव्यात. प्रत्येक 'असावे'च्या मागे एक 'नसले तर' उभे आहे. नियमाची शांत वाक्यरचना ही भयाचीच आवरलेली रूपे होत.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर हा अर्थ मूर्त होतो. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये, म्हणजे आज्ञापत्राच्या सुमारे अर्धशतक आधी सुरू झाले. चहूंकडे खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. महाद्वार तटाच्या वळणात असे दडले आहे की दुरून ते दिसत नाही. वेढ्याच्या भयाने आधी दगडात जे रचले, त्याला पुढे अमात्यांच्या गद्यात व्याकरण लाभले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तथापि या गद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. येथे बोलते ते राज्यकर्त्याचे भय. रात्रभर तटावर जागणारा पहारेकरी किंवा गडावरील कुटुंबे येथे स्वतः बोलत नाहीत. अपवाद आरमाराच्या प्रकरणात सापडतो. जहाजांसाठी आंबा-फणसाचे लाकूड उपयुक्त असले तरी रयतेची ती झाडे तोडू नयेत, कारण लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती गेल्यावर त्यांच्या दुःखास पार राहत नाही, असे अमात्य बजावतात. झाड जीर्ण झाले असेल, तरच धन्याला राजी करून व मोल देऊन ते घ्यावे.

येथे विध्यर्थाची दिशा पालटते. एरवी शत्रूपासून राज्याला जपणारी आज्ञा येथे राज्याच्याच गरजेपासून रयतेला जपते. भयग्रस्त सत्ता सर्व काही मागू शकते, हे ओळखून तिला आवर घालणारे हे स्थळ आज्ञापत्राच्या वाङ्मयीन थोरवीचा खरा आधार होय.