केंद्रोत्सारी पंपाची स्वीकृती-चाचणी आणि सह्यतेचा अर्थ : एक चिकित्सा

केंद्रोत्सारी पंपांच्या चाचणीसाठी आयएसओ ९९०६ हे मानक जगभर प्रमाण मानले जाते. १९९९ च्या आवृत्तीत श्रेणी दोनच होत्या. २०१२ मध्ये १बी, १ई, १यू, २बी, २यू व ३बी अशा सहा झाल्या. कोष्टक वाचणे त्यामुळे सोपे झाले. अर्थ लावणे मात्र सोपे झाले, असे म्हणता येत नाही.

कार्यक्षमतेचेच पाहा. २बी श्रेणीत तिला उणे ५ टक्के सह्यता आहे. हमी ८० टक्क्यांची असेल तर किमान मर्यादा ७५ नव्हे, ७६ टक्के होय. कारण सह्यता हमीमूल्याच्या प्रमाणात मोजावयाची असते. हा गोंधळ किरकोळ आहे आणि एकदा दाखवून दिला की मिटतो.

खरा प्रश्न प्रवाह व हेड यांच्या क्रूसाचा आहे. याच श्रेणीत प्रवाहास ±८ व हेडला ±५ टक्के मुभा असून हमीबिंदूवर या दोन मुभांचा क्रूस काढतात. पंपाच्या वक्ररेषेने त्याची कोणतीही एक भुजा छेदली, निदान स्पर्शिली, तरी पंप स्वीकारार्ह ठरतो. ‘आणि’ नव्हे, ‘किंवा’. हा ‘किंवा’ ग्राहकास किती महाग पडू शकतो, याकडे आपल्या अध्यापनातही पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

समजा, हमी ताशी १०० घनमीटर प्रवाह व ५० मीटर हेडची आहे. पंपाची वक्ररेषा सपाट असून १०० घनमीटरला तो ४८ मीटर व ८० घनमीटरला ५० मीटर हेड देतो. उभी भुजा ४७.५ ते ५२.५ मीटर असल्याने पंप उत्तीर्ण होतो. आता तो उपसा सिंचनाच्या अशा योजनेवर बसवा, की जेथे स्थिर उंची ४५ मीटर व पूर्ण प्रवाहास घर्षणाचे ५ मीटर आहेत. दोन्ही वक्ररेषा सुमारे ९० घनमीटरला, ४९ मीटर हेडजवळ छेदतात. म्हणजे पाणी दहा टक्क्यांनी घटले. प्रवाहाची मुभा तर आठच टक्क्यांची होती! पंप मानकानुसार निर्दोष, आणि शेवटच्या शेतापर्यंत पाळी पोहोचत नाही. यात उत्पादकाने लबाडी केली असे मुळीच नाही.

मानकास येथे सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे होईल. ओतकामातील फरक आणि मापनाची अनिश्चितता अटळ आहेत. पहिल्या श्रेणीच्या चाचणीतही प्रवाहमापनास ±२ टक्के अनिश्चितता मान्य आहे. शिवाय मानक पंपाची परीक्षा घेते, योजनेची नव्हे. स्थिर उंची किती व वक्ररेषा किती सपाट, हे निविदा लिहिणाऱ्यानेच पाहावयास हवे. त्याने २यू श्रेणी मागितली असती तर वरील पंप नापास झाला असता, कारण तेथे प्रवाह वा हेड यांना उणे मुभाच नाही. मात्र त्याच श्रेणीत निविष्ट शक्तीस अधिक १६ टक्क्यांची ऐच्छिक सह्यता आहे. तेव्हा मोटारीची क्षमता ठरविताना तिचाही हिशेब त्याच निविदेत करावा लागेल.