पाककृतीचे गद्य

पाकशास्त्रावरील पुस्तकांना आपल्या वाङ्मयविचारात स्थान नाही. हे योग्य नव्हे, असे आम्हांस वाटते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) घ्यावे. त्यात वाटी-चमच्याचे घरगुती माप पत्करल्यामुळे, 'अंदाजाने घालावे' या शब्दांपाशी अडणाऱ्या नवशिक्यालाही स्वयंपाक आवाक्यातला वाटू लागला.

तथापि मापाने सारेच साधत नाही. बुऱ्हाणपूरचा दराबा रवा, साखर व तूप एवढ्याचाच. परंतु त्याला हलकेपणा येतो तो फेटण्याने, आणि हात केव्हा थांबवावा हे कोणतीही वाटी सांगत नाही. तेथे शब्दांनाच मापाचे काम करावे लागते. 'एकतारी पाक' हा प्रयोग पाहावा. किंचित निवलेला थेंब चिमटीत धरून बोटे विलग केली की बारा वर्षांच्या मुलालाही त्याचा अर्थ उमगतो. इतकी इंद्रियगोचर परिभाषा आपल्या किती समीक्षालेखांत आढळते?

बुऱ्हाणपुरात हिंदीच्या व्यवहारात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या हाती शिक्षकांनी असे पुस्तक अवश्य द्यावे. पदार्थ साधला, तर भाषा कळली असे खुशाल समजावे. बिघडला, तर उणीव वाचनातील की लेखनातील, हे त्या पानावरच तपासता येईल.